मेव्हन बिल्डमधला जावा फॉरमॅटर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं आर्वीत बसून जिनिंगसाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी काटा-पावती, प्रतवारी आणि चुकाऱ्याचं सॉफ्टवेअर लिहितो. सगळं जावात आहे, बिल्ड (लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) मेव्हन या टूलवर. यंदा मे महिन्यात आम्ही बिल्डमधला जुना कोड फॉरमॅटर, म्हणजे कोडच्या ओळी आणि मोकळ्या जागा एकसारख्या मांडून देणारं टूल, काढला आणि दुसरा बसवला. तेव्हापासून वर्ध्याहून, अमरावतीहून घरी बसून हात लावणारे सोबती तेच तेच प्रश्न विचारत आहेत. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो. दुसऱ्या कुठल्या छोट्या टीमला हेच काम करायचं असेल तर त्यांनाही यातलं बरंच जसंच्या तसं वापरता येईल.

नेमकं काय बदललं?

आधी रेव्हेल्कचा फॉरमॅटर-मेव्हन-प्लगिन होता. तो आतून एक्लिप्सचा फॉरमॅटर चालवतो आणि आमच्याकडे त्याला नियमांची एक भलीमोठी एक्सएमएल फाईल दिलेली होती. आता स्पॉटलेस आहे, आणि त्याच्या आत पॅलंटिर-जावा-फॉरमॅट.

या दोन नावांत अनेकांचा गोंधळ होतो. स्पॉटलेस स्वतः जावा कोड मांडत नाही. तो मुकादम आहे. कोणत्या फायली घ्यायच्या, कोणाकडून काम करून घ्यायचं, झालं की नाही हे तपासायचं, एवढं तो पाहतो. प्रत्यक्ष ओळी तोडणारा, जोडणारा मजूर वेगळा. तो उद्या बदलला तरी मुकादम तोच राहू शकतो, आणि स्पॉटलेस निवडण्यामागे आमचा हा हिशेब होता.

बिल्ड 'चेक'वर अडलं. मी काय करू?

मेव्हनला 'स्पॉटलेस अप्लाय' सांगा, बदललेल्या फायली एकदा डोळ्याखालून घाला, कमिट करा (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदवा). 'चेक' फक्त बोट दाखवतो, 'अप्लाय' दुरुस्त करतो. आमच्याकडे चेक मेव्हनच्या व्हेरिफाय टप्प्याला बांधलेला आहे, त्यामुळे नुसतं कंपाइल करताना किंवा एखादी टेस्ट चालवताना तो मध्ये येणार नाही. घाईत चेक वगळण्याची सोय स्पॉटलेसमध्ये आहे, पण ती तुमच्या मशीनपुरती. सर्व्हरवर चेक चालतोच.

जुनं चालत होतं, मग हात कशाला लावला?

चालत होतं, पण अर्धवट. आमचा कोड जावा ८ वर सुरू झाला आणि नंतर १७ वर आला. टेक्स्ट ब्लॉक जावा १५ मध्ये कायम झाले, रेकॉर्ड १६ मध्ये. आमच्या प्लगिनची आवृत्ती त्याआधीची, तिच्या आतल्या एक्लिप्सच्या पार्सरला रेकॉर्ड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्या फायली तशाच राहायच्या. नव्या फायली जितक्या वाढल्या तितका बिनमांडणीचा कोड वाढला, आणि बिल्ड मात्र हिरवंच दिसत होतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर फक्त तेवढ्यासाठी टूल बदलायची गरज नव्हती. प्लगिनची आवृत्ती वाढवली असती तरी भागलं असतं. तुमची अडचण एवढीच असेल तर आवृत्ती वाढवा आणि मोकळे व्हा. आम्हाला त्या एक्सएमएल फाईलपासूनही सुटका हवी होती. शेकडो पर्याय, कोणता कोणी का ठेवला कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि नवीन आलेला प्रत्येक जण त्यातले दोन-तीन बदलून पाहायचा. जावाची स्वतःची अशी मांडणी भाषेसोबत कधी आलीच नाही. सनने १९९७ साली एक नियमावली काढली, १९९९ नंतर ती सुधारली गेली नाही, आणि तिच्यासोबत कोड मांडून देणारं टूल नव्हतं. त्यामुळे जावावाल्यांत हा वाद घरोघरी आहे.

आणि तिसरं कारण पुढच्या प्रश्नात.

एका फॉरमॅटरसाठी एवढी काळजी? शेवटी तो मोकळ्या जागांचाच तर खेळ आहे.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. एका जिनिंगसाठी ओलाव्याच्या कपातीचे टप्पे ठरलेले होते: ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, ८ च्या वर गेलं की पहिला टप्पा. ही तपासणी आमच्या कोडमध्ये एका ओळीत होती, आणि त्या ओळीत 'पेक्षा मोठं' हे एक चिन्ह. त्या आठवड्यात आमच्यापैकी एकाने त्याच फाईलमध्ये दुसरीच दुरुस्ती केली, आणि सेव्ह करताना त्याच्या एडिटरने पूर्ण फाईल स्वतःच्या पद्धतीने मांडली. डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) उघडला तर वरपासून खालपर्यंत लाल-हिरवा. मी स्वतः तो तपासला. म्हणजे पानं सरकवली. त्या गर्दीत 'पेक्षा मोठं'च्या जागी 'मोठं किंवा समान' झालं होतं, ते मला दिसलं नाही.

ते दिसलं एका शेतकऱ्याला. बरोबर ८ टक्के ओलाव्याचा कापूस घेऊन आलेला माणूस. पावतीच्या मागे पेनाने हिशेब करून तो काउंटरवर परत आला. "भाऊ, मशीनवर बराबर आठ दाखवून राह्यलं, मंग हे कपात कायची?" त्याचं बरोबर होतं. आम्ही त्या दिवसांतल्या सगळ्या पावत्या काढल्या, बरोबर ८ वाल्या वेगळ्या केल्या, फरकाचे चुकारे करायला लावले. चूक कधी शिरली हे शोधायला गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटने आणली ते दाखवणारी आज्ञा) लावलं तर फाईलमधली प्रत्येक ओळ त्या एकाच कमिटच्या नावावर. कोणत्या ओळीत खरा बदल आणि कोणत्या ओळीत नुसती मांडणी, हे हाताने वेचायला अर्धा दिवस गेला.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. मांडणीचा बदल आणि कामाचा बदल एका कमिटमध्ये कधीही नाही. फॉरमॅटर कोणता हा प्रश्न मला खरोखर दुय्यम वाटतो. सगळ्यांचा एकच असावा, आणि तो बिल्डमध्ये असावा, कोणाच्या एडिटरमध्ये नाही.

पॅलंटिरच का? गूगलचा का नाही?

गूगल-जावा-फॉरमॅट चांगला आहे. त्याची ओळ १०० अक्षरांची, आतली पायरी २ मोकळ्या जागांची. ४ हव्या असतील तर त्याची एओएसपी शैली घेता येते. पॅलंटिरचा फॉरमॅटर त्याच्यातूनच फुटलेली शाखा आहे: ओळ १२० ची, पायरी ४ ची, आणि लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) असलेला कोड तो जास्त वाचनीय ठेवतो.

आमच्या कोडमध्ये एक नेहमीचा तुकडा आहे: दिवसभराच्या पावत्यांची यादी घ्यायची, रद्द झालेल्या गाळायच्या, शेतकऱ्याप्रमाणे गट करायचे, प्रत्येक गटाच्या निव्वळ वजनाची बेरीज करायची. चार पायऱ्यांची स्ट्रीम. गूगलच्या मांडणीत लॅम्डाचा बाण दुसऱ्या ओळीवर जायचा आणि त्याच्या आतलं सगळं आणखी उजवीकडे सरकायचं. पॅलंटिरमध्ये बाण आणि महिरपी कंस कॉलच्या ओळीवरच राहतात, आत एकच पायरी. आम्ही तो एक तुकडा दोन्हीतून काढला, शेजारी शेजारी ठेवला, आणि चौघांनी दोन मिनिटांत ठरवलं. तुम्हीही तुमच्या कोडमधली सर्वांत अवघड अशी एक फाईल घ्या आणि तिच्यावर ठरवा.

एक्लिप्सचा फॉरमॅटर स्पॉटलेसमधूनही चालवता येतो, जुनी एक्सएमएल तशीच देऊन. ज्यांना मांडणी अजिबात बदलायची नाही, फक्त टूल बदलायचं आहे, त्यांच्यासाठी तोच योग्य रस्ता. आमच्यासाठी त्यात एक अडचण होती. त्याचे भाग नेहमीच्या मेव्हन सेंट्रलऐवजी एक्लिप्सच्या पी-टू भांडारातून येतात. आमच्याकडचं नेट पाहता आणखी एका ठिकाणावर अवलंबून राहायचं नव्हतं.

हे काम कधी करायचं?

हंगामात नाही. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन येऊ लागतं, दिवाळीनंतर कापूस, आणि तिथून फेब्रुवारी-मार्चपर्यंत आमचे फोन वाजत असतात. त्या दिवसांत रात्री नऊ वाजता एखादी दुरुस्ती पाठवावी लागते. अशा वेळी सगळ्या फायली बदललेल्या असणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. आम्ही मे निवडला. जिनिंग बंद, उघड्या ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळ्या चाललेल्या कामाच्या शाखा) कमी, आणि मृगाआधी हातात वेळ. तुमच्या ग्राहकांचा धंदा वेगळा असेल तर तुमचा मोकळा महिना वेगळा असेल. पण दिवस आधी जाहीर करा आणि त्या दिवसापर्यंत शक्य तेवढ्या ब्रँच मर्ज करून घ्या.

कमिटचा क्रम काय ठेवला?

तीन कमिट, याच क्रमाने. पहिल्यात जुना प्लगिन आणि त्याची एक्सएमएल काढली, स्पॉटलेस घातला, पण चेक बंद ठेवला. दुसऱ्यात फक्त 'अप्लाय' चालवून जे बदललं ते, हाताने केलेला एकही बदल नाही, टिपणीतला टायपोसुद्धा नाही. तिसऱ्यात दुसऱ्या कमिटचा क्रमांक ब्लेमने वगळायच्या कमिटच्या यादीत लिहिला आणि चेक सुरू केला.

दुसरं कमिट इतकं शुद्ध ठेवण्याचा फायदा पुढच्या तिन्ही उत्तरांत दिसेल. ते कोणालाही स्वतःच्या मशीनवर पुन्हा तयार करून ताडता येतं: पहिल्या कमिटवर जा, अप्लाय चालवा, निघालेला कोड दुसऱ्याशी तंतोतंत जुळला पाहिजे.

कोडचं वागणं बदललं नाही हे कशावरून?

आठ टक्क्यांच्या प्रकरणानंतर नुसत्या विश्वासावर हे सोडायचं नव्हतं. आम्ही क्लास फायली ताडल्या. मांडणीआधीचा आणि नंतरचा कोड एकाच जेडीकेने (जावाच्या साधनसंचाने), एकाच कंपाइलरने दोनदा कंपाइल केला, आणि प्रत्येक क्लास फाईलचा शा-२५६ (मजकुरावरून निघणारा ठसा) काढून दोन्ही याद्या शेजारी लावल्या.

त्यात एक मेख आहे. साधं कंपाइल केलं तर जवळजवळ सगळ्याच फायली वेगळ्या निघतात, कारण क्लास फाईलमध्ये ओळींचे क्रमांक लिहिलेले असतात आणि ते तर बदललेच आहेत. म्हणून जावा कंपाइलरला डीबगची माहिती अजिबात घालू नको असा, म्हणजे 'जी-नन' हा पर्याय द्यावा लागतो. मेव्हनच्या कंपाइलर प्लगिनमध्ये तो वेगळा आर्ग्युमेंट म्हणून द्या. नुसतं डीबग बंद केलं तर ओळींचे क्रमांक राहू शकतात. आणि जार फायली ताडू नका, त्यांच्या आत वेळेचे शिक्के असतात. न वापरलेले इम्पोर्ट काढले तरी क्लास फाईलमध्ये फरक पडत नाही, त्यामुळे तेही याच पद्धतीने तपासून होतं.

आमच्या दोन्ही याद्या पूर्ण जुळल्या. हे करायला एक संध्याकाळ लागली. पैशाचा हिशेब करणारा कोड असेल तर ही संध्याकाळ द्याच.

एक परिणाम मात्र होतो. चूक कुठे झाली याचा माग दाखवणाऱ्या स्टॅक ट्रेसमधले ओळींचे क्रमांक बदलतात. एखाद्या जिनिंगवर जुनी आवृत्ती चालू असेल आणि तिकडून लॉग आला, तर तो नव्या कोडशी लावून पाहू नका. आम्ही पहिल्या कमिटवर टॅग लावून ठेवला आहे, तिथे जाऊन पाहा.

आता गिट ब्लेममध्ये सगळ्या ओळी त्या एका कमिटच्या नावावर दिसणार का?

तुम्ही काहीच केलं नाही तर होय. पण गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून, ठरावीक कमिट ब्लेममधून वगळता येतात. रेपोच्या (प्रकल्पाच्या गिट भांडाराच्या) मुळाशी 'डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज' नावाची फाईल आहे, तिच्यात त्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी क्रमांक. गिटहब ही फाईल आपोआप वाचतो. तुमच्या मशीनवर मात्र गिटच्या सेटिंगमध्ये 'ब्लेम इग्नोर-रेव्ज-फाईल'ला तिचं नाव एकदा द्यावं लागतं.

हे सेटिंग या रेपोपुरतंच करा. सगळ्या रेपोंसाठी एकत्र केलं तर ज्या रेपोत ही फाईल नाही तिथे ब्लेम चालायलाच नकार देतो, आणि कारण पटकन लक्षात येत नाही. दुसरं, क्रमांक मुख्य ब्रँचवर मर्ज झाल्यानंतरचा घ्या. स्क्वॅश करून, म्हणजे सगळ्या कमिटचं एक करून, मर्ज केलं तर कमिटचा क्रमांक बदलतो आणि यादीतला जुना क्रमांक निरुपयोगी ठरतो. स्क्वॅश केल्याने आमची तीन कमिटही एकत्र झाली असती, म्हणून त्या दिवशी ते टाळलं.

माझी जुनी ब्रँच अजून उघडी आहे. मर्ज केलं की शेकडो कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) येतात.

हाताने सोडवत बसू नका, चूक होण्याची सर्वांत मोठी जागा तीच. असं करा.

आधी तुमच्या ब्रँचमध्ये मुख्य ब्रँच फक्त पहिल्या कमिटपर्यंत मर्ज करा, म्हणजे मांडणीच्या एक पाऊल अलीकडे. इथे येतील ते कॉन्फ्लिक्ट खरे असतील, ते सोडवा. स्पॉटलेस आता तुमच्याकडे आला. अप्लाय चालवा आणि ते वेगळं कमिट करा. तुमचा कोडही नव्या मांडणीत आला. आता मांडणीचं कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने मर्ज करा. याचा अर्थ, ते कमिट माझ्याकडे आलं असं गिटला सांगायचं, पण फायली माझ्याच ठेवायच्या. नंतर मुख्य ब्रँचचं उरलेलं नेहमीसारखं मर्ज करा.

'अवर्स' नावाच्या दोन गोष्टी गिटमध्ये आहेत. एक स्ट्रॅटेजी, लहान एस लावून दिली जाते. दुसरा स्ट्रॅटेजीचा पर्याय, मोठा एक्स लावून. इथे पहिली हवी. आणि ती फक्त त्या एका मांडणीच्या कमिटसाठी वापरा. पुढच्या कमिटवर वापरलीत तर दुसऱ्यांचं काम गुपचूप गाळलं जाईल, कोणतीही सूचना न येता. खात्री नसेल तर आधी आमच्यापैकी कोणाला तरी फोन करा, पाच मिनिटं लागतात.

सगळं एकदम का केलं? हळूहळू करता येत नाही का?

येतं. स्पॉटलेसमध्ये 'रॅचेट फ्रॉम' आहे. त्याला मुख्य ब्रँच दाखवली की तिच्या तुलनेत बदललेल्या फायलीच तो पाहतो. मोठा रेपो, खूप माणसं, सतत उघड्या ब्रँच, अशा ठिकाणी हाच मार्ग बरा. पण त्यात प्रत्येक जुन्या फाईलला पहिला हात लागला की मांडणी आणि काम पुन्हा एकाच डिफमध्ये येतात. आम्हाला तेच नको होतं.

रॅचेट वापरणार असाल तर बिल्ड सर्व्हरवर पूर्ण इतिहास आणा. गिटहब ॲक्शन्स एरवी फक्त शेवटचं एक कमिट आणतो, मग तुलना कशाशी करायची ते स्पॉटलेसला सापडत नाही आणि बिल्ड पडतं.

अप्लाय चालवताच 'इल्लीगल ॲक्सेस एरर' येतो.

गूगलचा आणि पॅलंटिरचा, दोन्ही फॉरमॅटर जावा कंपाइलरच्याच आतल्या पार्सरवर उभे आहेत. जावा १६ पासून जेडीकेचे आतले भाग बाहेरच्यांसाठी बंद झाले, १७ मध्ये ते दार आणखी पक्कं झालं. त्यामुळे कंपाइलरची ती पॅकेजं उघडी ठेव असं मेव्हनच्या जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या यंत्रणेला) सांगावं लागू शकतं. आमच्या रेपोत 'डॉट एमव्हीएन' फोल्डरमध्ये 'जेव्हीएम डॉट कॉन्फिग' फाईल आहे, 'ॲड-एक्स्पोर्ट्स'च्या सगळ्या ओळी तिच्यात आहेत. तरी एरर आला तर बहुतेक वेळा तुम्ही मेव्हन रेपोच्या बाहेरून किंवा एडिटरच्या बटणावरून चालवलेलं असतं. रेपोच्या मुळाशी टर्मिनल उघडून चालवा.

पावतीवरची मराठी अक्षरं बिघडली!

फॉरमॅटर फाईल वाचतो आणि पुन्हा लिहितो. वाचताना एन्कोडिंग चुकलं तर 'निव्वळ वजन'च्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं लिहून मोकळा होतो, आणि कोड तरीही कंपाइल होतो. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळचं एन्कोडिंग आहे, पण १७ पर्यंत विंडोज जे सांगेल ते. बिल्डच्या लॉगमध्ये 'प्लॅटफॉर्म एन्कोडिंग' असा इशारा दिसत असेल तर आधी तो घालवा. आमच्या पॉम फाईलमध्ये (मेव्हनच्या सेटिंगची फाईल) सोर्सचं आणि स्पॉटलेसचं, दोन्ही एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या प्रकल्पात ते नसेल तर अप्लाय चालवण्याआधी लिहा, नंतर नाही.

मराठी मजकूर कोडमध्ये असणाऱ्यांनी आणखी एक करावं. मांडणीच्या कमिटनंतर एक खरी पावती छापून पाहावी. आम्ही आर्वीतच एका काट्यावरच्या प्रिंटरवर छापली. शेतकऱ्याचं नाव, गाव, वाहन क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, सगळं जुन्या पावतीवर ठेवून उजेडात धरलं. अक्षर न् अक्षर बसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

एकच ओळ बदलली तरी पूर्ण फाईल बदललेली दिसते.

ओळीच्या शेवटाचा प्रश्न. विंडोज दोन अक्षरं (सीआरएलएफ) लावतो, लिनक्स एक (एलएफ). रेपोतल्या 'डॉट गिटॲट्रिब्यूट्स' फाईलमध्ये सगळ्या मजकूर फायलींसाठी एलएफ ठरवलं आहे, फक्त बॅच फायलींना सीआरएलएफ. स्पॉटलेस तीच फाईल वाचतो. तुमची प्रत जुनी असेल तर रेपो नव्याने क्लोन करणं सर्वांत सोपं.

गावात नेट चालत नाही, लाईन गेलेली असते. दर वेळी डाऊनलोड लागेल का?

नाही. एकदा स्पॉटलेस आणि फॉरमॅटरच्या जार फायली मेव्हनच्या 'डॉट एम-टू' फोल्डरमध्ये आल्या की पुढे नेट लागत नाही. मेव्हन ऑफलाईन पर्यायाने चालवा. फक्त ते पहिलं डाऊनलोड अप्लाय चालवूनच करा. मेव्हनचं 'गो-ऑफलाईन' तुमच्या डिपेंडन्सी आणि प्लगिन आणतं, पण स्पॉटलेस आपला फॉरमॅटर चालताना स्वतः मागवतो, तो त्यात येईलच असं नाही.

आमचा एक सोबती कारंजा-घाडगेच्या पलीकडे खेड्यात राहतो. तिथे फोनचं नेट मिळवायला छतावर जावं लागतं. त्याला आम्ही ते पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर भरून दिलं, एसटीने येणाऱ्या माणसाच्या हाती. त्या दिवसापासून त्याचं बिल्ड ऑफलाईन चालतं.

अप्लाय चालू असताना लाईट गेली तर घाबरू नका. परत आल्यावर पुन्हा चालवा. झालेल्या फायलींना तो पुन्हा बदलणार नाही, राहिलेल्या पूर्ण करेल. एखादी फाईल अर्धवट दिसलीच तर गिटमधून परत घ्या.

मी हाताने नीट लावलेला तक्ता विस्कटला.

प्रतवारीचे दर किंवा काट्याच्या यंत्राकडून येणाऱ्या बाइट्सचा नकाशा, असं काही स्तंभात लावलेलं असेल तर ते जपणं रास्त आहे. तक्त्याच्या वर टिपणीत 'स्पॉटलेस ऑफ' आणि खाली 'स्पॉटलेस ऑन' लिहा, दोन्हींत स्पॉटलेसनंतर विसर्गचिन्हासारखा कोलन, मध्ये जागा नाही. ही सोय पॉम फाईलमध्ये चालू करावी लागते, आमच्याकडे ती चालू आहे. पूर्वीचे 'फॉरमॅटर ऑफ' एक्लिप्सचे होते, ते आता कोणी वाचत नाही. आम्ही शोधून बदलले, तुमच्या ब्रँचमध्ये राहिले असतील तर पाहून घ्या.

तक्त्यासाठीच वापरा. मला ही मांडणी आवडत नाही, म्हणून वापरू नका.

एडिटरमध्ये काय करायचं?

सेव्ह करताना स्वतःहून फॉरमॅट करणारं सेटिंग बंद करा. आठ टक्क्यांची चूक त्यानेच केलेल्या गर्दीत लपली होती. इंटेलिजे आणि एक्लिप्ससाठी पॅलंटिरचे प्लगिन आहेत, हवे तर बसवा. नसले तरी कमिटआधी अप्लाय चालवलं की झालं.

चेकस्टाइल काढायचं का?

नाही. चेकस्टाइल हे कोड नियमांत बसतो का ते तपासणारं टूल. त्यातले जागा, ओळीची लांबी, पायऱ्या यांचे नियम तेवढे काढले, कारण ते फॉरमॅटरशी भांडतात. रिकामे कॅच ब्लॉक, नावांचे नियम वगैरे राहू दिले. ते मांडणीचे नाहीत.

उद्या फॉरमॅटरची नवी आवृत्ती आली की आपोआप बदलेल का?

नाही, मुद्दामच. पॉम फाईलमध्ये स्पॉटलेसची आवृत्ती वेगळी आणि पॅलंटिरची वेगळी, दोन्ही आकड्यात लिहिल्या आहेत. दुसरी लिहिली नाही तर स्पॉटलेस वाढवताना आतला फॉरमॅटरही सोबत वाढू शकतो आणि कोणी न मागता पन्नास फायली बदलतात. कधी आवृत्ती वाढवायची झालीच, उदाहरणार्थ जावाचा नवा व्याकरणप्रकार त्याला कळेनासा झाला, तर पुन्हा हाच क्रम: मोकळा महिना, आवृत्तीचं एक कमिट, अप्लायचं दुसरं, क्लास फायलींची ताडणी, आणि ब्लेमच्या यादीत आणखी एक क्रमांक. त्या फाईलमध्ये प्रत्येक क्रमांकाच्या वर हॅश लावून कारण आणि तारीख लिहायची पद्धत ठेवली आहे, तीच पुढे चालू ठेवा.